अधिक-उणे तीन सेकंद

वाळूचं घड्याळ जगात कुठेही नेलं तरी तेवढंच चालतं, हे मला ठाऊक होतं. अगदी काटेकोर बोलायचं तर तेवढंच नाही. गुरुत्वाकर्षण विषुववृत्तावर किंचित कमी आणि ध्रुवांकडे किंचित जास्त असतं, त्यामुळे तीन मिनिटांच्या घड्याळात या टोकापासून त्या टोकापर्यंत फार तर अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. हे मी कागदावर करून पाहिलं होतं, शेवटी "दुर्लक्षणीय" असं लिहिलं होतं आणि त्याखाली पट्टीने रेघ मारली होती. वस्तू तीच, वाळू तीच, खोका तोच. मग तीन वेगळ्या देशांत पाठवायचा खर्चही, वाहतूक सोडली तर, तोच यायला हवा. माणसामाणसांतला फरक मी "संकीर्ण" नावाच्या रकान्यात घातला. दोन टक्के.

हा कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावला. नवऱ्याने तो चष्मा वर करून वाचला. तो तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होता.

"दोन टक्क्यांत तीन देश?" तो म्हणाला. "नकाशातसुद्धा मावत नाहीत."

ज्याला दशांशचिन्हाचं महत्त्व नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

घड्याळं करणारे आमचे मास्तर. आमच्या प्रयोगशाळेत ते काच फुंकायचे आणि मी मापन विभागात होते. फ्लास्क, नळ्या, वाकड्या मानेच्या बाटल्या, जे कुठल्या यादीत नसे ते मास्तर तोंडाने फुंकून देत. पुढे प्रयोगशाळेने काच तयार घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी बाजारामागे एक शेड भाड्याने घेतली. शेडच्या मालकाला तिथे स्कूटरचं दुकान हवं होतं. त्याने मास्तरांना सरळ सांगितलं होतं, की परदेशी ग्राहकाने माल पसंत केल्याचं पत्र तीस तारखेच्या आत दाखवा, वर्षभर राहा. नाही तर भट्टी उचला. मास्तर कुणाकडून मदत घेणारे नव्हते. कामात भागीदार मात्र त्यांनी मला करून घेतलं होतं, कारण त्यांच्या मते माझा उपयोग फक्त वाळू चाळायला होता.

उद्योग प्रदर्शनात आम्ही एक टेबल मांडलं आणि तीन देशांच्या तीन व्यापाऱ्यांनी प्रत्येकी शंभर घड्याळं मागितली. अट एकच: आधी शंभरांखेरीज थोडे नमुने पाहू, मग पसंतीचं पत्र देऊ. महिना सुरू व्हायचा होता. सोपं काम होतं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी प्रत्येक घड्याळ तीन वेळा मोजलं. तीनशे घड्याळं, तीन वेळा, तीन मिनिटं: पंचेचाळीस तास. मग प्रत्येकाची सरासरी एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या खोक्यात ठेवली: "या घड्याळाचा वेळ २ मिनिटे ५८.६ सेकंद. चूक: उणे १.४ सेकंद." घड्याळाच्या लाकडी तळावर नुसतं "तीन मिनिटे" छापलेलं होतं. कुठलंही घड्याळ तीन मिनिटं चालत नाही. ते तीन मिनिटं, अधिक-उणे काहीतरी, चालतं. हे न सांगणं म्हणजे खोटं बोलणं.

"मास्तर, काचेवर बारीक नंबर कोराल का?" मी विचारलं होतं. "म्हणजे चिठ्ठी कुणाची ते कळेल."

"माझ्या कामाला हजेरीचा नंबर नको, बाई," ते म्हणाले. "कैदी आहेत का ती?"

म्हणून नंबर खोक्यांवर घातले. ही पहिली चूक. चुकांना मात्र मी नंबर घातले नाहीत, नाही तर मोजायला सोपं गेलं असतं.

सुरुवात निर्यात कचेरीपासून झाली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कस्टम अधिकारी राहतात. सगळी इमारत त्यांना कस्टमवाले म्हणते, आणि सल्ला मागितला नाही तर त्यांना रात्रभर झोप लागत नाही अशी त्यांची कीर्ती आहे. ते म्हणाले, "वहिनी, फॉर्मवर काही खरं लिहू नका. म्हणजे खोटंही नको. रकान्यात बसेल तेवढंच."

मी खरं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म वाचला.

"घड्याळ म्हणताय. बॅटरी कुठली?"

"बॅटरी नाही."

"किल्ली?"

"नाही."

"मग चालतं कशावर?"

"गुरुत्वाकर्षणावर."

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग शक्तीच्या स्रोताच्या रकान्यात "बाह्य" असं लिहिलं आणि बाह्य स्रोताच्या पुरवठादाराचं नाव विचारलं. शेवटी कस्टमवाल्यांना बोलावून आणावं लागलं. त्यांनी फॉर्म फाडला, नवा घेतला आणि लिहिलं: "काचेची शोभेची वस्तू." पाच मिनिटांत शिक्का बसला. चौतीस वर्षं मी मोजमापाची उपकरणं सांभाळली, आणि माझं सगळ्यांत काटेकोर काम शोभेची वस्तू म्हणून देशाबाहेर निघालं. कस्टमवाल्यांनी त्या दिवशी आमच्याकडे चार कप चहा घेतला. तो मी संकीर्णमध्ये धरला.

मग पहिल्या देशातून करार आला. एक्केचाळीस पानं. तिथले लोक कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणजे मनाने वाईट नाहीत, फक्त विश्वास कागदावर ठेवायचा असतो अशी त्यांची रीत आहे. घड्याळातली वाळू कुणी खाल्ली तर काय, कुणी डोळ्यात घातली तर काय, घड्याळ पाहताना दूध उतू गेलं तर जबाबदार कोण. मी कधी दिवाळखोर झाले नाही, कुणाला मारलं नाही आणि बनावट शाई वापरली नाही, असं मला तीन वेगवेगळ्या पानांवर लिहून द्यावं लागलं. सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या.

"अगं, त्यांना सांग ना, मी तुला छत्तीस वर्षं ओळखते म्हणून."

"ते चालत नाही, आई. तुमची सही हवी आणि तुमच्या सहीला साक्षीदार हवा."

"मला साक्षीदार?" त्यांनी मटार ठेवले. उरलेले मी सोलले.

प्रत्येक घड्याळावर "आत वाळू आहे. खाऊ नये." असं लेबल लावायचं होतं. आणि सत्ताविसावं कलम: विक्रेत्याने उत्पादनातील कोणतीही त्रुटी लेखी कबूल केल्यास संपूर्ण मालाची जबाबदारी विक्रेत्याची. त्यांच्या वकीलबाई फोनवर फार गोड बोलायच्या.

"नमुन्यातल्या चिठ्ठीवर तुम्ही स्वतःच लिहिलंय की घड्याळ एक पूर्णांक चार सेकंदांनी चुकतं," त्या म्हणाल्या. "ते काढा."

"पण ते खरं आहे."

"म्हणूनच काढा. तुम्ही चांगल्या बाई आहात याबद्दल मला शंका नाही, पण चांगुलपणाला परिशिष्ट नाही आमच्याकडे."

दुसऱ्या देशाचा प्रकार उलटा. तिथल्या व्यापाऱ्याने करार पाठवलाच नाही. मी पाठवला तर त्याला वाईट वाटलं. त्याने व्हिडिओ कॉल केला आणि पंधरा मिनिटं माझ्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्या कॉलला सासूबाईंच्या गुडघ्याची. तिसऱ्या कॉलला मी किंमत काढली तेव्हा त्याने चेहरा असा केला, की मी स्वयंपाकघरात चप्पल घालून आल्यासारखं मला वाटलं.

"घरात मोठं कोण आहे?" त्याने विचारलं.

मला राग आला. मी पदवी सांगावी की वय, या विचारात होते, तेवढ्यात सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. पलीकडे त्याची आई आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासूबाईंनी गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. त्या आजींनी त्यांच्या खुब्याचा दाखवला. दोघींनी मान हलवली, जीभ टाळ्याला लावून च्च केलं, आणि तासाभराने फोन बंद झाला तेव्हा व्यवहार पूर्ण झालेला होता.

"किंमत ठरली," सासूबाई म्हणाल्या.

"किती?"

त्यांनी बोटं दाखवली. मी फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं. चार टक्के सूट दिली होती.

"आई, कशाबद्दल?"

"तिचा खुबा बदलायचाय गं. माणुसकी नको का?"

आठवड्यात त्यांच्याकडून एक लोकरी गालिचा आला. तो आमच्या बैठकीत मावेना, म्हणून दिवाणाचे पाय त्यावर चढवले, आणि तेव्हापासून दिवाण एका बाजूला कलतो. आता परतभेट पाठवायची. कस्टमवाले म्हणाले, "कमी पाठवलीत तर अपमान, जास्त पाठवलीत तर तुम्ही त्यांना कमी लेखलंत असं होईल. अगदी तेवढीच हवी." गालिच्याच्या बरोबरीचं काय असतं, हे मोजायचं एकक मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. शेवटी सासूबाईंनी स्वतः विणलेली चादर दिली आणि माझा प्रश्न सुटला. मात्र पोस्टाने ती चादर वजनावर मोजली, भावनेवर नाही. संकीर्ण.

आणि चिठ्ठी? नमुने मिळाल्यावर तिच्याबद्दल त्याने स्वतः फोन केला. आवाज दुखावलेला होता.

"तुम्ही मला तुमच्या घरच्यांची ओळख करून दिलीत. मग खोक्यात हा कागद कशाला? मी तुमच्यावर संशय घेईन असं वाटलं तुम्हाला?"

एकाला चिठ्ठी म्हणजे गुन्ह्याची कबुली, दुसऱ्याला मैत्रीवरचा डाग. पंचेचाळीस तासांचं काम. मी फोन ठेवला. शांत माणसाचा अपमान झाला की तो जास्त शांत होतो, हे आमच्या घरी कुणाच्या लक्षात येत नाही.

"काढा सगळ्या," मी संध्याकाळी म्हणाले. "तीनशेच्या तीनशे. कुणालाच नकोत तर कुणालाच नकोत."

"तिसऱ्याने कुठे नको म्हटलंय?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणेल."

हे वाक्य मी पुराव्याशिवाय बोलले. नोकरीच्या काळात असं वाक्य मी कुणाला बोलू दिलं नसतं. नवरा आणि सासूबाई दोघं जेवणाच्या टेबलावर बसले, खोकी उघडली, चिठ्ठ्या काढल्या आणि बुटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या. सासूबाईंना काचेवर बोटांचे ठसे दिसले. त्यांनी मऊ फडक्याने प्रत्येक घड्याळ पुसलं आणि हाताला येईल त्या खोक्यात परत ठेवलं. घड्याळं लखलखत होती. कुठलं घड्याळ कुठल्या नंबराचं होतं, हे आता पृथ्वीवर कुणालाही सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन देशांचा माल गेला. तिसऱ्या देशाला सहा नमुने गेले, अर्थात चिठ्ठीशिवाय. पहिल्या देशाने कळवलं, पसंतीचं पत्र त्यांच्या तपासणीनंतर, म्हणजे नव्वद दिवसांनी. दुसऱ्याने कळवलं, पत्र कशाला, तुम्ही आमच्या घरच्याच; हवं तर आई तुमच्या त्या शेडमालकाशी बोलेल. शेडमालकाने बोलायला नकार दिला. उरला तिसरा.

तिसऱ्या देशाचा दुकानदार फार मृदू माणूस. त्याच्याकडे बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या धर्ममंडळातल्या वडीलधाऱ्यांसमोर जाते. मंडळ सोमवारी आणि गुरुवारी बसतं, मधल्या दिवशी त्यांचं मौन असतं. शनिवारी सकाळी दुकानदाराचं पत्र आलं. महिन्याची तीस तारीख मंगळवारी होती.

पत्रात लिहिलं होतं, की मंडळाला काम फार आवडलं. पण तळावर "तीन मिनिटे" असं छापलं आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पुरतं माप फक्त निर्मात्यापाशी असतं. माणसाने मोजलेल्या वस्तूवर माणसाची चूक कबूल केलेली असावी, नाही तर तो अहंकार होतो. बाकीचे व्यापारी यासाठी वस्तूत मुद्दाम एखादी उणीव ठेवतात, कडेला टवका किंवा एखादा बुडबुडा. त्याची नोंद करायला मंडळ थोडं शुल्क घेतं, पण ती तिथली रीतच आहे. सोमवारच्या बैठकीपर्यंत तसं काही करता आलं तर पसंतीचं पत्र त्याच दिवशी देता येईल.

मी पत्र घेऊन शेडमध्ये गेले. मास्तरांनी ऐकलं आणि भट्टीचा गॅस बंद केला. हे ते फक्त फार रागावले की करतात.

"मुद्दाम टवका?"

"लहानसा."

"बाई, चाळीस वर्षांत माझ्याकडून पुष्कळ वाईट झालं. पण ते झालं. केलं नाही मी." त्यांनी हातमोजे काढून ठेवले. "शेड जाईल तर जाऊ दे. स्कूटरी येऊ देत."

ते खरंच तसं करतील, हे मला माहीत होतं. या माणसाने एकदा संचालकांसाठी फुंकलेला फ्लास्क त्यांच्या देखत फोडला होता, कारण त्याच्या बुडाशी मोहरीएवढा बुडबुडा होता. भट्टी बंद झालेली मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा पाहत होते. नेहमीची घरघर नव्हती. लाकडी फळीवर नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि खिडकीपाशी त्यांचा टिफिन होता.

मी पत्र पुन्हा वाचलं. माणसाची चूक कबूल केलेली असावी.

"मास्तर," मी म्हणाले, "चूक कबूल करायची आहे. करायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी चिठ्ठी."

दुकानदाराला मी फोन करून विचारलं. त्याने चिठ्ठीवरची ओळ मला वाचून दाखवायला लावली. मग म्हणाला, प्रत्येक घड्याळाची चूक वेगळी मोजून लिहिली आहे? दशांशापर्यंत? असं मंडळासमोर कधी आलेलं नाही, पण त्याच्या मते ते फार प्रसन्न होतील. शंभर घड्याळांचे, आपापल्या चिठ्ठीसह, फोटो सोमवारी सकाळी आले तर पुरे.

मी आनंदाने घरी आले आणि बुटांचा डबा उघडला. तीनशे चिठ्ठ्या. आणि शंभर लखलखीत, निनावी घड्याळं.

"मी तर पुसून ठेवली," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच अधिक-उणे होतं.

शंभर घड्याळं, तीन वेळा, तीन मिनिटं: पंधरा तास. आणि एका माणसाने सलग पंधरा तास वाळू पाहिली तर शेवटच्या दहा तासांच्या आकड्यांना काही किंमत नसते. पंधरा तास नवऱ्याने मनातल्या मनात भागले.

"दहा माणसं बसवली तर दीड तास," तो म्हणाला. तीस वर्षं वर्गाला कामाला लावल्याचा तेवढा उपयोग झाला.

रविवारी सकाळी इमारतीच्या सभागृहात दहा टेबलं मांडली. कस्टमवाले आले, आणि आल्याबरोबर देखरेख करू लागले. तळमजल्याच्या दंतवैद्य आल्या. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला आणि मग थांबलेला माणूस, सासूबाई, नवरा, आणखी तिघं. सगळ्यांकडे फोनमधली स्टॉपवॉच. मी समजावून सांगितलं: घड्याळ उलटं करताना सुरू, वाळू संपली की बंद. सोपं होतं.

खबरदारी म्हणून मी सगळ्यांना आधी एकच घड्याळ आळीपाळीने तीन-तीन वेळा मोजायला लावलं. दहा माणसांनी एकाच घड्याळाचे दहा वेगळे वेळ आणले.

"वाळू संपली म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"संपत आली की संपली," कस्टमवाले म्हणाले. "खिडकी बंद करायच्या दोन मिनिटं आधीच रांग तोडावी लागते, नाही तर माणसं येतच राहतात."

"छे," सासूबाई म्हणाल्या. "शेवटचा कण खाली गेल्याशिवाय नाही. भांड्याला लागलेलं काय टाकून द्यायचं?"

दंतवैद्य प्रत्येक वेळी वाळू उरलेली असतानाच "झालंच, झालंच" म्हणून बटण दाबत होत्या. शिवणाऱ्या बहिणींपैकी थोरली कापड सरळ ठेवावं तसं आधी घड्याळ टेबलाच्या कडेला समांतर लावायची आणि त्यात पाऊण सेकंद घालवायची. लिफ्टवाला सगळ्यांत अचूक होता. तो म्हणाला, दोन मजल्यांच्या मध्ये थांबलं तर लोक ओरडतात.

मी प्रत्येकाचा फरक वहीत लिहिला. कस्टमवाले: अधिक १.१ करा. सासूबाई: उणे ०.८. दंतवैद्य: अधिक २.०, आणि पेशंटवर दया. दहा माणसांच्या दहा दुरुस्त्या. एकाच इमारतीत, एकाच जिन्याने ये-जा करणारी माणसं. मी फ्रिजवरच्या कागदातल्या त्या दोन टक्क्यांची आठवण काढली नाही. त्या वेळी नाही.

दीड तासाचं काम साडेपाच तास चाललं, कारण मध्ये चहा झाला, आणि सासूबाईंनी मोजता मोजता लिफ्टवाल्याला एक्स-रे दाखवला. दुपारी मास्तर आले. दारात उभे राहिले. आत दहा माणसं दहा टेबलांवर वाकून, श्वाससुद्धा जपून घेत, त्यांच्या काचेकडे पाहत होती. एकाच्या घड्याळातली वाळू संपली की दुसरं उलटं व्हायचं.

मास्तर माझ्या टेबलापाशी आले. तिथल्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "याची मान रुंद आहे. उणे दोन."

मोजलं. उणे १.९.

त्यांनी ते घड्याळ पुन्हा उलटं केलं. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या कामाकडे कुणी सलग तीन मिनिटं पाहिलं नव्हतं, बाई. घ्यायचे आणि त्यात काहीतरी ओतायचे."

मी वहीत आकडा लिहिला. मास्तरांनी खिशातून काच कोरायची हिऱ्याची लेखणी काढली, खुर्ची ओढली आणि मोजून झालेलं पहिलं घड्याळ हातात घेतलं. काचेच्या बुडाशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, अगदी बारीक कोरलं: एक. मग पुढचं घेतलं: दोन. शंभरापर्यंत ते कोरत राहिले, मी त्या-त्या नंबराची नवी चिठ्ठी लिहीत गेले आणि रात्री फोटो पाठवले. "कैदी" हा शब्द मीही काढला नाही.

सोमवारी दुपारी पसंतीचं पत्र आलं. मंडळाच्या सर्वांत वृद्ध सभासदांनी चिठ्ठ्या एक एक करून वाचल्या, असं त्यात होतं, आणि अठ्ठावन्नाव्या घड्याळाच्या "चूक: उणे ०.३ सेकंद" या ओळीवर ते काही वेळ थांबले. इतकी लहान चूक इतक्या दुरून कुणी कबूल करायला आलं नव्हतं. मंडळाने उणिवेचं जे शुल्क लागतं ते आम्हाला माफ केलं होतं आणि आणखी दोनशे घड्याळं मागवली होती. मास्तरांनी पत्र घडी न घालता शेडमालकाकडे नेलं. मालकाने ते दोनदा वाचलं, सहा वेळा उलटसुलट केलं आणि विचारलं, "पण हे घड्याळ बरोबर चालतं की चुकीचं?"

"चुकीचं," मास्तर म्हणाले. "मोजून."

वर्षभराची मुदत मिळाली.

त्या आठवड्यात मी फ्रिजवरचा कागद उतरवला आणि संकीर्णचा रकाना खरा लिहिला. पहिला देश: वकील, लेबलं, साक्षीदारांच्या सह्या, नऊ टक्के. दुसरा: सूट, चादर, पोस्ट, फोन, अकरा टक्के. तिसरा: फोटो आणि दहा माणसांचा चहा, तीन टक्के. धर्म सगळ्यांत स्वस्त पडला. मग एक चौथी ओळ घालावी लागली, कारण आकडे जुळेनात. घड्याळं तीन-तीन वेळा मोजण्याचे पंचेचाळीस तास, त्यावर पुन्हा साडेपाच, आणि न चालणारे बुडबुडे पाहून मास्तरांनी स्वतःच फोडलेले चाळीस नग. ही ओळ सगळ्यांत मोठी निघाली. तिला नाव काय द्यावं ते मला कळेना. नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पेन्सिलने लिहिलं: "आमची रीत."

मी खोडलं नाही.

परवा मास्तरांनी नव्या दोनशेंतलं पहिलं घड्याळ दिलं. तळावरचं छापील आता बदललं आहे: "तीन मिनिटे, माणसाच्या हातून." मी ते शेडमध्येच मोजलं. एकशे ऐंशी पूर्णांक शून्य सेकंद. पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी पूर्णांक शून्य. तिसऱ्यांदा मोजताना मास्तर माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले, आणि भट्टीचा आवाज सोडून दुसरा कसलाही आवाज नव्हता.

एकशे ऐंशी पूर्णांक शून्य.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. तो आला, आणि लगेच त्यामागून काळजी आली.

"आता काय करायचं, बाई? हे तर पाठवता येणार नाही."

मी चिठ्ठी घेतली. आपण नेहमी करतो ती गोष्ट केली. म्हणजे जे माहीत आहे तेवढंच लिहिलं. "घड्याळाची चूक: आढळली नाही. मोजणारीची चूक: अधिक-उणे ०.२ सेकंद."

मास्तरांनी चिठ्ठी वाचली, खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"चला," ते म्हणाले, "तुमचा काहीतरी उपयोग झाला." आणि वाळूची चाळणी माझ्या हातात दिली.